घाटाखालचे बंदर : पातूर, फामागुस्ता आणि राज्यकर्त्यांची यादी

१/ पातूरला समुद्र नाही. मुंबईचा समुद्रही रस्त्याने पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर. तरीही भूमध्य समुद्रातील बेटावरचे एखादे बंदर कसे जगते, किती धनी पाहते आणि धनी बदलूनही काय राखून ठेवते, हे समजून घ्यायला अकोला जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव उपयोगी पडते. हा धागा अशाच एका बंदराविषयी आणि पातूरविषयी आहे. गावाचा इतिहास म्हणजे त्याच्यावर राज्य केलेल्यांची यादी, या आपल्याकडे मुरलेल्या समजुतीला त्यात आक्षेप घेतला आहे.

२/ आधी बंदर. सायप्रस बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर फामागुस्ता वसले आहे. ११९२ पासून बेटावर फ्रेंच वंशाच्या ल्युझिन्यां घराण्याचे राज्य होते. १२९१ मध्ये पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरील अक्का पडले, तेव्हा तिथले व्यापारी आणि निर्वासित फामागुस्तात आले आणि गाव श्रीमंत झाले. १३७३ मध्ये ते जिनोआने बळकावले. १४६४ मध्ये ते पुन्हा ल्युझिन्यांकडे आले. १४८९ मध्ये व्हेनिसने सारे बेट घेतले, १५७१ मध्ये उस्मानी तुर्कांनी घेतले, १८७८ मध्ये इंग्रज आले आणि १९६० मध्ये सायप्रस स्वतंत्र झाला.

३/ आता वऱ्हाडची यादी. वाकाटक, राष्ट्रकूट, कल्याणीचे चालुक्य, यादव. १२९६ मध्ये अचलपूरवरून देवगिरीवर चालून गेलेला अलाउद्दीन खिलजी. १३४७ पासून बहमनी, १४९० पासून इमादशाही, १५७४ पासून अहमदनगरची निजामशाही, १५९६ पासून मोगल, १७२४ पासून हैदराबादचा निजाम आणि त्याच्या जोडीने नागपूरकर भोसले, १८५३ पासून इंग्रज. मग मध्य प्रांत व वऱ्हाड, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र.

४/ दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की गंमत दिसते. व्हेनिसने सायप्रस घेतले १४८९ मध्ये. वऱ्हाडात इमादशाही उभी राहिली १४९० मध्ये. फामागुस्ता तुर्कांच्या हाती पडले १५७१ मध्ये. इमादशाही निजामशाहीने गिळली १५७४ मध्ये. सायप्रसचे स्वातंत्र्य आणि महाराष्ट्राची स्थापना एकाच वर्षातली, १९६० ची. हे सगळे योगायोग आहेत आणि त्यांतून कोणताही सिद्धांत निघत नाही. परंतु एक योगायोग निव्वळ योगायोग नाही. तो इंग्रजांच्या आगमनाचा आहे. त्याच्याकडे पुढे वळायचे आहे.

५/ अशा याद्या समाजमाध्यमांवर रोज फिरतात. त्यांच्याखाली होणारे वादही ठरलेले असतात : कोणाचा काळ सुवर्णकाळ, कोणाचा काळोख, गाव मूळचे कोणाचे. यादी खोटी नसते. पण तिला एकच प्रश्न ठाऊक असतो, तो म्हणजे गादीवर कोण होते. पातूरसारख्या गावाला विचारण्याजोगे प्रश्न निराळे आहेत. माल कुठून येई आणि कुठे जाई? कर भरला की तो कोणाच्या हाती पडे? आणि राज्य बदलले त्या दिवशी गावात नेमके काय बदलले?

६/ पहिल्या प्रश्नाचे उत्तर भूगोलात आहे. जुन्या कागदांत वऱ्हाडचे दोन भाग पडतात : पायनघाट आणि बालाघाट. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या मातीचा सपाट प्रदेश म्हणजे पायनघाट. त्याच्या दक्षिणेला डोंगर चढून गेले की वाशीम आणि मेहकरच्या बाजूचे पठार, तो बालाघाट. पातूर या दोहोंच्या सांध्यावर, डोंगराच्या पायथ्याशी आहे. अकोल्याहून निघालेली वाट पातूरला घाटाला भिडते आणि मेडशी, मालेगाववरून वाशीमकडे जाते.

७/ बंदर म्हणजे तरी काय? जिथे मालाचे वाहन बदलते, जिथे वाटसरूला थांबावेच लागते, आणि म्हणून जिथे जकात घेणारा, सावकार, सराईवाला आणि फकीर हे सारे एकत्र जमतात, ती जागा म्हणजे बंदर. समुद्रकाठी ही जागा लाटा ठरवतात. डोंगराकाठी चढ ठरवतो. सपाटीवर गाडी चालते, घाटात पाठीवर ओझे घेतलेला बैल लागतो. या अर्थाने घाटाच्या तोंडाशी असलेले प्रत्येक गाव बंदरच असते. या बंदरातले खलाशी होते बंजारे. त्यांचे तांडे धान्य, कापूस आणि मीठ घेऊन बैलांच्या पाठीवरून पठारे ओलांडत. त्यांचे श्रद्धास्थान असलेले पोहरादेवीही घाटावर, आजच्या वाशीम जिल्ह्यातच आहे.

८/ घाट चढून गेल्यावर लागणारे वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. याच शाखेतल्या हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. पातूरच्या डोंगरातही लेणी आहेत आणि ती केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत मोडतात. अजिंठ्याच्या मानाने ती लहान आणि साधी आहेत. पण राजधानीकडे चढणाऱ्या वाटेच्या पायथ्याशीच खडक कोरला जावा, यात नवल नाही. लेणी बहुधा व्यापारी मार्गांच्या आसपासच असतात. ज्यांना ती कोरायची त्यांना दान लागते आणि दान देणारे वाटेवरच भेटतात.

९/ पायनघाटाच्या बाजूला, पातूरपासून फार दूर नाही असे बार्शीटाकळी आहे. तिथल्या देवीच्या मंदिरात शके १०९८ चा, म्हणजे इसवी सन ११७६ चा शिलालेख आहे. बाराव्या शतकात इथे दगडी मंदिर उभारण्याइतकी सुबत्ता होती, ती कोणा एका राजामुळे आली असे म्हणणे कठीण आहे. काळी माती, पूर्णेचे खोरे आणि घाटावरची वाट ही तिची कारणे. राजे त्या सुबत्तेवर येऊन बसले. फामागुस्ताचेही तसेच होते : पूर्व भूमध्य समुद्रातले खोल पाण्याचे बंदर आधी होते, त्याच्यासाठी भांडणारे ल्युझिन्यां, जिनोई आणि व्हेनिशियन नंतर आले.

१०/ मग येतो पातूरच्या नावाचा प्रश्न. जुन्या महसुली कागदांत हे गाव आणि परगणा ‘पातूर शेख बाबू’ या नावाने येतो. शेख बाबू, म्हणजे गावकऱ्यांचे शाहबाबू, हे सूफी संत. परंपरा सांगते की ते चौदाव्या शतकात दिल्लीकडून इथे आले. त्यांचा दर्गा गावात आहे. एका गावाच्या नावाला एका फकिराचे नाव जोडले गेले, आणि ते बहमनी, इमादशाही, निजामशाही, मोगल, निजाम, भोसले, इंग्रज अशा साऱ्या दप्तरांतून टिकले. त्या दरम्यान या गावावर हक्क सांगणाऱ्या एकाही सुलतानाचे किंवा सुभेदाराचे नाव गावाला चिकटले नाही.

११/ हे नाव पाहून आज कोणी म्हणेल की गाव मुसलमानी अमलाचे होते, आणि दुसरा कोणी म्हणेल की ‘पातूर’ तेवढे खरे आणि उरलेले उपरे. दोघेही नाव वाचण्यात चूक करतात. गावाची नावे थरांनी बनतात. फामागुस्ताचे ग्रीक नाव अम्मोखोस्तोस, म्हणजे वाळूत दडलेले. पश्चिम युरोपीय जिभेवर त्याचे फामागुस्ता झाले आणि तुर्कीत मागुसा. तीनही नावे आज जिवंत आहेत आणि तीनही त्या गावाचीच आहेत. ‘पातूर शेख बाबू’मधले दोन्ही शब्दही असेच पातूरचे आहेत.

१२/ राजांकडे यायचे तर यादीतले कप्पे किती कच्चे आहेत तेही पाहावे. इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमादुल्मुल्क हा जन्माने विजयनगरच्या मुलखातला ब्राह्मण; लढाईत लहानपणी पकडला गेला आणि मुसलमान म्हणून वाढला, असे फरिश्ता हा इतिहासकार लिहितो. नरनाळा आणि गाविलगड या वऱ्हाडच्या दोन मोठ्या किल्ल्यांवर त्याच्या काळातील बांधकामे आहेत. गाविलगडच्या दरवाजावर हत्तींना नखांत धरलेला दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे. दक्षिणेतल्या हिंदू राजवटींना प्रिय असलेले हे चिन्ह बहमनी-इमादशाही किल्ल्याच्या दारावर कसे आले, या प्रश्नाला ‘हिंदू काळ’ आणि ‘मुसलमान काळ’ या कप्प्यांत उत्तर सापडत नाही.

१३/ इमादशाही गिळणाऱ्या निजामशाहीची कथा त्याहून विलक्षण आहे. तिच्या संस्थापकाचा बाप मलिक हसन हाही विजयनगरच्या स्वारीत पकडलेला ब्राह्मणाचा मुलगा, आणि त्याचे घराणे मूळचे पाथरीचे कुलकर्णी, असे फरिश्ताच सांगतो. पाथरी तेव्हा इमादशाहीत होती. आपल्या पूर्वजांचे गाव आपल्याला द्यावे, अशी अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाची मागणी होती. ती नाकारली गेली तेव्हा १५१८ मध्ये त्याने पाथरी लढून घेतली. मराठी मुलखातल्या एका वतनाच्या गावासाठी दोन सुलतान लढतात, आणि दोघांच्याही मुळाशी ब्राह्मण घराणी सांगितली जातात. ‘परकी सत्ता’ हा शब्द वापरण्याआधी या कथेपाशी क्षणभर थांबायला हवे.

१४/ १५९६ मध्ये चांदबिबीच्या अहमदनगरने तहात वऱ्हाड मोगलांना दिले. मोगलांनी पातूरच्या शेजारचे बाळापूर वाढवले. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरील तिथला किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची म्हणून ओळखली जाणारी छत्री आजही त्या काळाची आठवण देतात. १७२० मध्ये बाळापूरजवळ निजामुल्मुल्काने आलम अली खानाचा पराभव केला. १७२४ मध्ये साखरखेर्डा येथे त्याने मुबारिझ खानाला मारले आणि दख्खन व्यवहारात दिल्लीपासून सुटले. या दोन्ही रणांगणांचे अंतर पातूरपासून थोडेच. मोठे राजकारण शेजारी घडत होते आणि त्याचा दाणा-वैरणीचा खर्च या पट्ट्यातल्या गावांवर पडत होता.

१५/ त्यानंतरचा काळ वऱ्हाडात दुअंमली म्हणून ओळखला जातो. प्रदेश निजामाचा, पण महसुलाचा मोठा वाटा नागपूरकर भोसल्यांचा. एकाच गावात दोन सरकारांचे वसूलदार. इतिहासाच्या पुस्तकात ही एक घटनात्मक गंमत वाटते. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले की चित्र उलटते : दोन धनी म्हणजे दोन तगादे, आणि गाऱ्हाणे न्यायचे तर कोणाकडे न्यायचे याचा पत्ता नाही. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण अभिमानाने सांगितली जाते. ती कुऱ्हाड कोणाच्या हाती होती, हे मात्र कोणी विचारत नाही.

१६/ यादीत इथे ‘निजाम’ लिहावे की ‘मराठे’, यावर वाद घालणारे एक गोष्ट विसरतात. दोघांच्याही खाली गाव चालवणारी माणसे तीच होती : पाटील, पटवारी, देशमुख, देशपांडे. सुलतान गेला, सुभेदार आला, तरी दप्तर याच घरांत राहिले. हे सातत्य गोड मानण्याचेही कारण नाही. गावगाड्याच्या तळाशी असलेल्यांना, वेठबिगार करणाऱ्यांना, पाणवठ्यापासून दूर ठेवलेल्यांना, दिल्ली आणि हैदराबादपेक्षा हेच सातत्य अधिक जाचले असणार. राज्यकर्त्यांची यादी या माणसांना जागाच देत नाही. तिच्यात जुलूम नेहमी बाहेरूनच येतो.

१७/ २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे आर्थर वेलस्लीने भोसल्यांचा पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेचा हक्क संपला, फक्त नरनाळा, गाविलगड आणि त्यांच्या भोवतीचा मुलूख तेवढा काही वर्षे राहिला. वऱ्हाड निजामाच्या एकट्याच्या हाती आले. पण इंग्रजांनी त्याच्या माथी आपल्या अधिकाऱ्यांखालचे सैन्य बसवले आणि त्या सैन्याचा पगार थकत गेला, तसा निजाम कर्जात रुतला. १८५३ मध्ये त्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले.

१८/ ‘कारभाराखाली’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मालकी निजामाचीच राहिली. इंग्रजांनी कारभार करायचा, सैन्याचा खर्च भागवायचा आणि उरलेली रक्कम हैदराबादला द्यायची, असा करार. वऱ्हाड कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हतेच. १८५३ पासून पातूरचा खातेदार सारा इंग्रज सरकारला देत होता आणि कागदावर प्रजा निजामाची होता.

१९/ आता सायप्रस. १८७८ मध्ये इंग्लंडने तुर्की सुलतानाशी करार केला. बेटाचा कारभार इंग्लंडने करायचा, सार्वभौमत्व सुलतानाचे राहायचे, आणि सुलतानाला वर्षाकाठी सुमारे ९२ हजार ८०० पौंडांची खंडणी द्यायची. हाच तो योगायोग नसलेला योगायोग. एक प्रदेश त्याच्या मालकाकडून न जिंकता ताब्यात घ्यायचा, मालकाचा मान कागदावर राखायचा आणि प्रत्यक्षात सत्ता चालवायची, ही युक्ती साम्राज्याने सायप्रसच्या पंचवीस वर्षे आधी वऱ्हाडात वापरलेली होती.

२०/ साम्य इथेच संपत नाही. सायप्रसच्या प्रजेकडून वसूल केलेली ती खंडणी सुलतानाच्या हाती पडत नसे. उस्मानी सरकारने १८५५ मध्ये काढलेल्या कर्जाच्या व्याजात ती वळती होई. वऱ्हाडचे काय झाले? १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने निजामाशी नवा करार केला : वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे, भाडे वर्षाला २५ लाख रुपये. त्या भाड्यातूनही हैदराबादला दिलेल्या कर्जांचे हप्ते आधी कापून घेतले जात. दोन्हीकडे कर भरणारा एक, मालक दुसरा, कारभारी तिसरा. आणि पैसा कर्जाच्या हिशेबात मुरलेला.

२१/ सायप्रसचा पेच १९१४ मध्ये सुटला. तुर्कस्तान महायुद्धात विरुद्ध बाजूने उतरले आणि इंग्लंडने बेट सरळ खालसा केले. वऱ्हाडचा पेच लांबला. सालारजंगाने १८७० च्या दशकात वऱ्हाड परत मिळवण्याची खटपट केली, ती फसली. मीर उस्मान अली खानाने पुन्हा मागणी केली, तेव्हा १९२६ मध्ये व्हाइसरॉय रीडिंगने ब्रिटिश सत्तेच्या श्रेष्ठत्वाचे खणखणीत उत्तर दिले. १९३६ च्या करारात निजामाला ‘हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम’ अशी पदवी आणि त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. राज्य मात्र मिळाले नाही. या साऱ्या पत्रव्यवहारात वऱ्हाडच्या लोकांना काय हवे, हा प्रश्न कोणत्याच बाजूच्या कामाचा नव्हता.

२२/ या काळात गावात खरोखर बदल घडवला तो कापसाने. वऱ्हाडचा कापूस पूर्वी बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. १८२५-२६ च्या सुमारास पेस्तनजी विकाजी या पारशी व्यापाऱ्यांनी तो मोठ्या प्रमाणात मुंबईकडे वळवला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस थांबला आणि लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावाचा कापूस भावाने विकला जाऊ लागला. १८६७ मध्ये लोहमार्ग अकोल्यावरून नागपूरला पोचला. १८७० मध्ये व्हाइसरॉय मेयोने खामगावच्या फाट्याचे आणि कापूसबाजाराचे उद्घाटन केले.

२३/ आणि इथेच घाटाखालच्या बंदराला ओहोटी लागली. विसाव्या शतकात अकोल्याहून वाशीम-हिंगोलीकडे जो लोहमार्ग निघाला तो बार्शीटाकळीवरून गेला. पातूर बाजूला राहिले. फामागुस्ताने हे दुःख आधीच भोगले होते : १५७१ नंतर तिथला व्यापार हळूहळू लार्नाकाकडे गेला आणि तटबंदीच्या आत गाव ओस पडत गेले. पातूरच्या दृष्टीने १८५३ चा करार मोठा की बार्शीटाकळीवरून गेलेले रूळ मोठे? यादीत रुळांना ओळ नाही. पण बंदराचे नशीब राजाच्या इतकेच वाटेवर अवलंबून असते, हे ज्या गावाची वाट वळली त्याला कळते.

२४/ यावर एक रास्त आक्षेप येईल : मग राज्यकर्त्यांना काहीच महत्त्व नाही का? आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. १५७१ मध्ये फामागुस्ता शरण आले, तरी व्हेनिशियन सेनापती ब्रागादीनला हालहाल करून मारण्यात आले. राजांचा राज्याभिषेक होत असलेले सेंट निकोलस कॅथेड्रल मशीद बनले, आणि ग्रीक रहिवाशांना तटाच्या आत राहण्याची मनाई झाली. वऱ्हाडात १८६१ पासून मुंबई पद्धतीची जमीनमोजणी आली आणि शेताचा खातेदार कागदावर ठरला. राज्य बदलते तेव्हा माणसे मरतात, देवळे-मशिदी बदलतात, जमिनीचा मालक बदलतो. हे लिहिलेच पाहिजे.

२५/ पण नेमके तेवढेच लिहावे. एखाद्या राजवटीने काय केले, हे वर्ष, जागा आणि कागद दाखवून सांगणे हा इतिहास. त्या राजवटीचे नाव आजच्या शेजाऱ्याला चिकटवणे हा इतिहास नव्हे. ब्रागादीनच्या छळाचा जाब आजच्या मागुसातल्या दुकानदाराला विचारता येत नाही, आणि दुअंमलीतल्या वसुलीचा जाब आज पातूरच्या कोणत्याही मोहल्ल्याला किंवा आळीला विचारता येत नाही. उलट बाजूने, ‘आमच्याकडे सगळे नेहमीच गुण्यागोविंदाने नांदत होते’ हे गोड वाक्यही पुराव्याशिवाय लिहू नये. एकत्र राहण्याचा इतिहास हा तडजोडींचा इतिहास असतो, आणि तडजोडीला किंमत पडते.

२६/ ‘गाव कोणाचे’ हाच एक प्रश्न उरला की काय होते, तेही फामागुस्ताने दाखवले आहे. तटाबाहेर घालवलेले ग्रीक ज्या वरोशा भागात वसले, तो विसाव्या शतकात समुद्रकाठचा गजबजलेला भाग झाला. १९७४ मध्ये बेटाची फाळणी झाली. वरोशाचे ग्रीक रहिवासी पळाले आणि तुर्की सैन्याने त्याला कुंपण घातले. दशकानुदशके तिथली घरे, हॉटेले आणि रस्ते रिकामे राहिले. २०२० पासून त्याचा काही भाग फिरायला उघडला आहे, राहायला नाही.

२७/ पातूर त्या टोकापासून फार दूर आहे, आणि ते तसेच राहावे यासाठी त्याचा इतिहास नीट लिहिला जाणे आवश्यक आहे. आज तो धोक्यात आहे, पण शत्रूमुळे नव्हे. लेण्यांच्या भिंतींवर खिळ्याने कोरलेली प्रेमी जिवांची नावे, जुन्या वाड्यांच्या माळ्यावरून रद्दीत जाणारी मोडी आणि फारसी दप्तरे, घाट ओलांडणाऱ्या तांड्यांच्या आठवणी सांगणारी आणि वर्षागणिक कमी होणारी वृद्ध मंडळी, हे खरे नुकसान. त्याच्यावर कोणी धागे लिहीत नाही, कारण त्यात कोणाला हरवायचे नसते.

२८/ सीमा तरी किती टिकाऊ असतात? इंग्रजी अमलात वाशीमचा जिल्हा झाला, १९०५ मध्ये मोडला आणि त्याचा मोठा भाग अकोल्यात आला. १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. पातूर त्या काळी बाळापूर तालुक्यात होते, आता स्वतःच तालुका आहे. शंभर वर्षांत घाटाच्या माथ्यावरची रेघ पुसली गेली आणि परत ओढली गेली. बाजाराला घाट उतरून येणाऱ्या माणसाने त्या रेघेसाठी आपली वाट बदलली नाही.

२९/ म्हणून आपल्या गावाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या तरुणांनी सुरुवात यादीने करू नये. आधी वाट शोधावी : गावात माल कोणत्या दिशेने येत होता? मग कर शोधावा : सारा कोण गोळा करी आणि तो कोणापर्यंत जाई? मग नावे शोधावीत : गावाचे, शिवाराचे, पाणवठ्याचे, पिराचे, देवीचे. मग घरातल्या आणि शेजारच्या कागदांचे फोटो काढावेत, मोडी शिकावी, वाचून घ्यावेत. राज्यकर्ते या शोधात आपोआप भेटतील, आणि योग्य त्या जागी भेटतील : वसुलीच्या रकान्यात.

३०/ फामागुस्ताची जुनी तटबंदी पाहायला जगभरातून लोक जातात. पातूरची लेणी अकोल्याहून बसने तासाभराच्या वाटेवर आहेत. तिथे उभे राहून उत्तरेला पायनघाटाची सपाटी आणि दक्षिणेला चढणारा घाट पाहिला, की इतक्या सत्तांना हा पट्टा का हवा होता हे कोणत्याही यादीपेक्षा लवकर कळते. सत्ता येऊन गेल्या. घाट आहे, लेणी आहेत, दर्गा आहे, आणि गाव अजून नांदते आहे. ते कोणाचे, याचे उत्तर सोपे आहे : जे तिथे राहतात आणि त्याची काळजी घेतात, त्यांचे.

(धागा समाप्त)